सांताक्रूझला ९४४, कुलाब्याला ७३: क्लायमेट मॉडेलवर तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं, की पुढच्या काही दशकांत अतिमुसळधार पाऊस वाढेल असं क्लायमेट मॉडेल्स, म्हणजे पृथ्वीच्या हवामानाची कॉम्प्युटरवर चालवलेली गणितं, सांगतात आणि मुंबईने ते गांभीर्याने घ्यायला हवं. त्या एका वाक्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांचा सूर एकच, हे मॉडेल बनवतं कोण, आत काय असतं आणि आम्ही त्याच्यावर का विश्वास ठेवायचा. विचारायलाच हवं हे, कारण नाले किती रुंद करायचे, पंपिंग स्टेशन कुठे बांधायचं, रस्ता किती उंच घ्यायचा हे सगळं उद्या याच आकड्यांवर ठरणार आहे आणि पैसे आपले आहेत. पत्रं मोठी होती म्हणून थोडी कापलीयेत.

मुलुंडहून एक निवृत्त बँक कर्मचारी लिहितात: "ताई, ऑरेंज अलर्ट म्हणून छत्री-रेनकोट घेऊन निघावं तर बाहेर लख्ख ऊन. ज्यांना उद्याचं धड सांगता येत नाही ते २०७० चं काय सांगणार?"

काका, हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. उद्याचा अंदाज का चुकतो त्याचं मूळ १९६१ मध्ये अमेरिकेत एमआयटीत एडवर्ड लॉरेन्झ यांना सापडलं. ते कॉम्प्युटरवर हवेचं एक छोटं मॉडेल चालवत होते, एक रन मधूनच परत सुरू करायचा होता म्हणून प्रिंटआउटवरचा आकडा बघून त्यांनी ०.५०६ टाइप केलं, मशीनच्या मेमरीत मात्र तो ०.५०६१२७ होता. एवढ्याशा फरकाने दोन्ही रन पुढे एकमेकांपासून इतके लांब गेले की एकाच मॉडेलचे आहेत असं वाटेना. खरी हवाही तशीच वागते, आजच्या मोजमापात कुठेतरी बारीकशी चूक राहतेच आणि ती दिवसागणिक फुगते, त्यामुळे साधारण दोन आठवड्यांपलीकडे अमुक तारखेला अमुक ठिकाणी पाऊस असं कुणालाच सांगता येत नाही, आणि क्लायमेट मॉडेलवाले तसा दावाही करत नाहीत.

त्यामुळे १५ जुलै २०७० ला दादरला पाऊस असेल का, हे त्यांना विचारायचंच नाही. विचारायचं ते असं, की २०५६ ते २०८५ या तीस वर्षांतल्या जुलै महिन्यांत सरासरी पाऊस किती, एका दिवसात १०० मिलिमीटरच्या वर जाणारे दिवस किती, रात्री किती गरम. पुढच्या वर्षीचा जुलै पुढच्या वर्षीच्या जानेवारीपेक्षा ओला असेल यावर तुम्ही आत्ता डोळे मिटून पैज लावाल ना? त्याला रोजचा अंदाज लागत नाही, सूर्य कुठे असणार, जमीन किती तापणार, वारे समुद्राकडून कधी वळणार ही मोठी कारणं ठाऊक असली की झालं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढणं हे त्याच जातीचं मोठं कारण आहे. पृथ्वीकडे येणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा ताळमेळच त्याने बदलतो, आणि रोजची हवा कितीही लहरी असली तरी हा ताळमेळ लहरी नाही.

अलर्टबद्दलही सांगते, तो पूर्ण जिल्ह्यासाठी असतो. मुलुंडला ऊन आणि त्याच वेळी बोरिवलीला धो धो, असं झालं तर अलर्ट चुकला असं म्हणता येणार नाही.

भांडुपचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी: "मॅडम, मॉडेल म्हणजे जुना डेटा फीड करून पुढे रेघ ओढणं, असंच ना? मशीन लर्निंगसारखं? आत नक्की काय चालतं ते नीट सांगाल का, टेक्निकल चालेल."

नाही रे, आणि हा गैरसमज फार पसरलाय म्हणून जरा सविस्तर सांगते. मॉडेलच्या गाभ्यात जुन्या तापमानाचा आलेख नसतोच. तिथे न्यूटनचे गतीचे नियम असतात, वाहत्या हवेला आणि पाण्याला लावलेले, मग वस्तुमान आणि ऊर्जा नाहीशी होत नाही हे नियम, वायूच्या दाब-तापमान-घनतेचं नातं, आणि कुठला वायू कुठल्या तरंगलांबीची उष्णता किती शोषतो याची प्रयोगशाळेत मोजलेली माहिती. यातलं बरंचसं तुझं बारावीत होऊन गेलंय. अडचण अशी की पूर्ण पृथ्वीसाठी ही समीकरणं कागदावर सुटत नाहीत, म्हणून पृथ्वीचे तुकडे पाडायचे आणि तुकड्या-तुकड्याने आकडेमोड करायची.

हे पहिल्यांदा करून बघितलं लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने, आणि तेही पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अ‍ॅम्ब्युलन्स चालवत असताना. २० मे १९१० या एका दिवसाची मोजमापं घेऊन त्याने हाताने गणित केलं आणि उत्तर आलं की सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने चढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास हललाच नव्हता. १४५ म्हणजे अशक्यच, भयानक चक्रीवादळातसुद्धा सहा तासांत एवढा फरक पडत नाही. पण रिचर्डसनने हे चुकलेलं उत्तर १९२२ च्या आपल्या पुस्तकात सगळ्या आकडेमोडीसकट छापलं, म्हणून नंतरच्या लोकांना ते तपासून बघता आलं की पद्धत बरोबर होती, सुरुवातीच्या मोजमापांतला गोंधळ आधी गाळून घ्यायला हवा होता. मला या सगळ्या विषयातली ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १९५० मध्ये एनियाक या कॉम्प्युटरवर पहिला चालण्यासारखा अंदाज निघाला, १९५६ मध्ये नॉर्मन फिलिप्स यांनी पृथ्वीवरच्या वाऱ्यांचं पहिलं मोठं मॉडेल केलं, आणि १९६९ मध्ये स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी हवेच्या मॉडेलला समुद्राचं मॉडेल जोडलं.

आता आजच्या मॉडेलचा आकार बघ. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर. त्याचे १०० बाय १०० किलोमीटरचे चौकोन पाडले तर झाले ५१ हजार. प्रत्येक चौकोनावर हवेचे समजा ५० थर, म्हणजे साडेपंचवीस लाख डबे, नुसते हवेचे. प्रत्येक डब्यात तापमानाचा, दाबाचा, वाऱ्याचा, बाष्पाचा एकेक आकडा. शेजारच्या डब्याला काय गेलं, त्याच्याकडून काय आलं हे समीकरणांनी काढायचं, घड्याळ अर्धा तास पुढे करायचं आणि परत तेच. वर्षाला १७,५२० वेळा, शंभर वर्षांना साडेसतरा लाख वेळा. खाली समुद्राचे वेगळे डबे, त्यात खारटपणा आणि प्रवाह, शिवाय समुद्रावरचा बर्फ, जमीन, माती, झाडं, आणि हे सगळे भाग ठराविक वेळाने एकमेकांशी उष्णता आणि पाणी देवघेव करतात. कोड लाखो ओळींचा, आणि त्यातला बराचसा अजूनही फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंगच्या भाषेत. कॉलेजात कुणी शिकवत नसेल पण या कामाला शिकून ठेव, असल्या आकडेमोडीत ती आजही वेगवान आहे.

खरी मेख इथून पुढे आहे. २६ जुलै २००५ बद्दल घरी विचार, प्रत्येक मुंबईकराकडे त्या दिवसाची गोष्ट आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर कुलाब्याला ७३. कुलाब्याच्या माणसाला तो पावसाळ्यातला एक साधा दिवस वाटला असेल, तेव्हा कलिना, कुर्ला, मिठीच्या काठावरची माणसं छातीभर पाण्यातून वाट काढत होती. १०० किलोमीटरच्या मॉडेलमध्ये हे दोन्ही आकडे एकाच डब्यात येतात आणि डब्याला आकडा मिळतो एकच. म्हणजे ज्या ढगाने अर्धी मुंबई बुडवली तो ढग त्या मॉडेलला दिसतच नाही, ग्रिडच्या जाळीतून गळून जातो.

मग ढग सोडून देता येतात का, तर नाही, कारण ढगच पाणी वरून खाली आणतात, उष्णता खालून वर नेतात आणि ऊन परतवतात. त्यामुळे तिथे पॅरामीटरायझेशन वापरतात, म्हणजे असा नियम की डब्यातली सरासरी आर्द्रता एवढी आहे, वर जाताना तापमान अशा वेगाने घटतंय, तर या डब्याचा एवढा भाग ढगाने व्यापलेला असेल आणि एवढा पाऊस पडेल. हे नियम मनाने ठरवलेले नसतात, विमानं, रडार, उपग्रह यांची मोजमापं आणि छोट्या भागापुरती चालवलेली अगदी बारीक ग्रिडची मॉडेल्स यांच्यावर ते बेतलेले असतात. पण शेवटी तो अंदाजी नियम आहे, न्यूटनचा नियम नाही, आणि दोन मॉडेल्सची उत्तरं वेगळी येतात ती मुख्यतः इथे.

ग्रिड बारीक का नाही करत? चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि घड्याळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं, नाहीतर एका पावलात वारा अख्खा डबा ओलांडून जातो आणि गणित फुटतं. म्हणजे काम निदान आठपट, आणि एका मॉडेलचे शेकडो वर्षांचे रन एकदा नाही, अनेकदा करायचे असतात.

आपल्याकडे हे काम पुण्यात पाषाणला होतं, आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत. त्यांचं आयआयटीएम-ईएसएम हे सीएमआयपी-६ मध्ये, म्हणजे जगभरच्या मॉडेल्सना एकच पेपर देऊन उत्तरं ताडून बघण्याच्या उपक्रमाच्या सहाव्या फेरीत, भारतातून गेलेलं पहिलं मॉडेल. ते कोऱ्या पाटीवरून लिहिलेलं नाही, अमेरिकेच्या सीएफएस-व्ही२ या हंगामी अंदाजाच्या मॉडेलवर उभं केलंय, आणि काही महिन्यांच्या अंदाजासाठी बनलेलं मॉडेल शेकडो वर्षं चालवलं की ते हळूहळू भलतीकडे सरकायला लागतं, ते सरकणं आटोक्यात आणणं हे तिथल्या लोकांचं सुरुवातीचं मोठं काम होतं. तिथे २०१८ पासून प्रत्युष हा सुपरकॉम्प्युटर होता, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अर्क आला. इंटर्नशिपसाठी विचारून बघ, मुंबईहून पुणे काही लांब नाही.

चेंबूरच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाई: "मुलं विचारतात, २०७० उजाडल्याशिवाय मॉडेल बरोबर की चूक कसं कळणार? मला समाधानकारक उत्तर देता येत नाही."

बाई, मुलांना सांगा की पुढच्या काळाची वाट बघावी लागत नाही, निसर्गाने पेपर आधीच घेऊन ठेवलेत. अट एकच, पेपर आधी फुटलेला नको. ज्या आकड्यांवर मॉडेल जुळवून घेतलं त्याच आकड्यांवर ते पास झालं तर त्या मार्कांना किंमत नाही.

सुरुवात कंटाळवाण्या तपासणीने होते. शेकडो वर्षांच्या रनमध्ये पाणी किंवा उष्णता कुठून तरी गळत नाही ना, उगीच तयार होत नाही ना. मग १८५० ची हवा, म्हणजे कारखाने वाढण्याआधीची, घालून मॉडेल शेकडो वर्षं नुसतं चालू ठेवायचं, खोल समुद्र स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि बघायचं की कुणी ढकललं नसताना ते आपणहून तापत किंवा गार होत तर नाही ना. सीएमआयपी-६ मध्ये या रनसाठी निदान ५०० वर्षं मागितली होती. त्यानंतर १८५० ते २०१४ हा खरा इतिहास, त्यात खरे ज्वालामुखी, सूर्याचे खरे चढउतार, खरा धूर आणि कार्बन घालून. तोच रन माणसाचा वाटा काढून परत करतात, आणि तेव्हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली तापमानवाढ येतच नाही.

पण मुलांना सांगायला सगळ्यात चांगली गोष्ट पिनाटुबोची आहे. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समधला हा ज्वालामुखी फुटला आणि दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, गेला. त्याचे बारीक थेंब होऊन ते जगभर पसरले आणि ऊन अडवायला लागले. न्यूयॉर्कमध्ये नासाच्या जिस या संस्थेत जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे आपल्या मॉडेलमध्ये घातले आणि जानेवारी १९९२ मध्ये, म्हणजे परिणाम पूर्ण दिसायच्या आधी, छापून टाकलं की १९९२ च्या अखेरीपर्यंत जग सुमारे अर्ध्या अंशाने गार होईल आणि मग काही वर्षांत परत वर येईल. तसंच झालं. उत्तर आधी लिहून दिलं, निकाल नंतर लागला, यापेक्षा सचोटीची परीक्षा कुठली असणार?

आणि गोष्ट तिथे संपत नाही. हवा गार झाली की तिच्यात बाष्प कमी मावतं, आणि बाष्प स्वतः उष्णता धरतं, म्हणून बाष्प कमी झालं की हवा आणखी गार होते. हीच साखळी उलट्या दिशेने चालली की तापमानवाढ वाढते, आणि मॉडेलमधली ही साखळी खरी आहे का यावर खूप वाद होते. २००२ मध्ये काही शास्त्रज्ञांनी पिनाटुबोचा रन दोनदा केला, एकदा ही साखळी चालू ठेवून आणि एकदा तोडून. चालू ठेवलेला रन मोजमापांशी जुळला, तोडलेल्या रनमध्ये पुरेसा गारवा आलाच नाही. मॉडेलचा एक एक अवयव असा वेगळा काढून तपासता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

दुसरा पुरावा मानाबेंचा. १९६७ मध्ये त्यांनी आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी, आजच्या मानाने अगदी साध्या मॉडेलवर, काढलं होतं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जमिनीजवळ सुमारे २.३ अंश वाढतील आणि त्याच वेळी वरचा स्ट्रॅटोस्फिअर गार होईल. सूर्य तापल्यामुळे तापमान वाढत असतं तर वरचाही थर तापला असता. १९७९ पासूनच्या उपग्रहांच्या नोंदींत स्ट्रॅटोस्फिअर गारच होत गेलाय. ओझोन कमी झाल्याचाही त्यात वाटा आहे, पण अगदी वरच्या भागातला गारवा मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचा. मानाबेंना याच कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालं.

जुन्या भाकितांचाही कुणीतरी हिशोब मांडलाय. १९७० ते २००७ या काळात छापलेली १७ भाकितं काढून नंतरच्या खऱ्या तापमानाशी ताडली, तर १० सरळ जुळली. बाकीच्यांत काहींचं भौतिकशास्त्र ठीक होतं, पण जग पुढे किती कार्बन सोडेल हा अंदाज चुकला होता, तेवढा सुधारून घेतला की १७ पैकी १४ जुळली. तीन मात्र तरीही नाही जुळली, आणि मुलांना हे तीनही सांगा.

ठाण्याहून एक वाचक (नाव छापू नका म्हणालेत): "मॉडेलमध्ये नॉब असतात आणि हवं ते उत्तर येईपर्यंत ते फिरवतात, असं वाचलं. खरं का?"

नॉब असतात, खरं आहे. त्याला ट्यूनिंग म्हणतात. ढगातले बर्फाचे कण किती वेगाने खाली पडतात, वर चढणाऱ्या ढगात बाजूची कोरडी हवा किती मिसळते, असले आकडे नेमके मोजता येत नाहीत, त्यांना मोजमापांनी घालून दिलेली एक मर्यादा असते आणि त्या मर्यादेत ते बसवावे लागतात. बसवताना बघतात मुख्यतः एवढंच, की पृथ्वीवर आत येणारी आणि बाहेर जाणारी ऊर्जा उपग्रहांनी मोजलेल्या ऊर्जेशी जुळते का.

मात्र काही गटांनी विसाव्या शतकातल्या तापमानवाढीकडे बघूनही ट्यूनिंग केलंय. जर्मनीत हॅम्बुर्गच्या मॅक्स प्लँक इन्स्टिट्यूटच्या गटाने तर ते स्वतःच पेपरमध्ये सविस्तर लिहिलं. मग त्या मॉडेलने विसावं शतक बरोबर दाखवलं, हा त्याच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडता येत नाही, आणि कुणी मांडत असेल तर तुम्ही अडवा. वर चेंबूरच्या बाईंना पेपरफुटीचं लिहिलं ते हेच. त्याला दुसरा पेपर द्यायचा.

तो दुसरा पेपर पुष्कळदा हिमयुगाचा असतो. २१ हजार वर्षांपूर्वी जग औद्योगिक काळाआधीच्या तापमानापेक्षा साधारण ५ ते ७ अंशांनी गार होतं, हे समुद्रतळाच्या गाळावरून आणि खोल बर्फातून खोदून काढलेल्या नळकांड्यांवरून कळतं. अमेरिकेत बोल्डरला एनकार या हवामान संशोधन केंद्रात बनलेलं सीईएसएम-२ हे नावाजलेलं मॉडेल, विसावं शतक ठीकठाक दाखवणारं, कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर ५ अंशांच्या वर तापायचं, म्हणजे बऱ्याच इतर मॉडेल्सपेक्षा जास्त. ते हिमयुगात नेऊन चालवलं तर ११ अंशांहून जास्त गार झालं. स्पष्ट नापास. मग शोधत गेले तर गोम ढगांच्या आणि त्यातल्या बर्फाच्या हिशोबात निघाली. २०२१ च्या आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, अहवालाने म्हणूनच सगळ्या मॉडेल्सची आंधळी सरासरी घेतली नाही, मोजमापं आणि जुन्या काळाचे पुरावे धरून कार्बन डायऑक्साइडच्या दुपटीला ३ अंश हा सर्वोत्तम अंदाज आणि २.५ ते ४ हा संभाव्य पट्टा दिला. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या चार्नी समितीने दीड ते साडेचार म्हटलं होतं. चाळीस वर्षांत पट्टा एवढाच आकसला म्हणून काही जण हिणवतात, मला उलट तो आकसायला किती मेहनत लागली ते दिसतं.

लालबागहून एक वाचक, गाव चिपळूणजवळ: "आमच्याकडे पुढे पाऊस वाढणार की कमी होणार? कुठे काही वाचतो, कुठे काही."

मॉडेल्सचा सगळ्यात कच्चा विषय तुम्ही विचारलात. मान्सून. सीएमआयपीतली बरीच मॉडेल्स भारताच्या जमिनीवर खऱ्यापेक्षा कमी पाऊस पाडतात आणि विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर जास्त, हा दोष कित्येक वर्षं माहीत आहे आणि पुरता गेलेला नाही. कोकणात तर सह्याद्रीची भानगड आहे. मुंबईत वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर, घाटमाथ्यावर त्याहून कितीतरी जास्त आणि घाट उतरून पुण्यात सातशेच्या आसपास, हे सगळं शंभर-सव्वाशे किलोमीटरांत. मोठ्या चौकोनाच्या मॉडेलमध्ये सह्याद्री म्हणजे एक मंद चढ होतो, कडा राहतच नाही, मग ढग कशाला अडतील आणि कुठे रिकामे होतील? त्यासाठी मोठ्या मॉडेलच्या आत बारीक ग्रिडचं प्रादेशिक मॉडेल चालवतात, दक्षिण आशियासाठी ५० किलोमीटरच्या ग्रिडवर आयआयटीएमनेही हे केलंय, पण मोठ्या मॉडेलने वाराच चुकीचा दिला तर बारीक मॉडेल तो चुकीचाच वारा बारीक करून दाखवतं.

तरी काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मान्सून थोडा अशक्त झाला होता, तो मुख्यतः धुराच्या आणि धुळीच्या कणांनी ऊन अडवल्यामुळे, आणि या शतकात एकूण मान्सूनचा पाऊस वाढेल असं आयपीसीसीचं म्हणणं आहे. आणि हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, हे मॉडेलचं सांगणं नाही, साधं भौतिकशास्त्र आहे, त्यामुळे कोसळेल तेव्हा जास्त जोरात कोसळेल यावर सगळी मॉडेल्स एकमुखाने बोलतात. चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी किती फूट चढेल हे मात्र क्लायमेट मॉडेलला विचारू नका, त्यासाठी नदीचं, धरणाचं आणि भरतीचं वेगळं मॉडेल लागतं, आणि असा आकडा कुणी छातीठोकपणे देत असेल तर कुठल्या ग्रिडवर काढला हे आधी विचारा.

वर्सोवा कोळीवाड्यातून: "भरतीचं पाणी पहिल्यापेक्षा आत येतं. मॉडेल आमच्याबद्दल काय म्हणतं?"

जगाचा समुद्र १९०१ ते २०१८ मध्ये सरासरी २० सेंटिमीटर वर आलाय. मुंबईचं नशीब म्हणजे अपोलो बंदरला १८७८ पासूनच्या भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत, इतक्या जुन्या नोंदी आशियात फार थोड्या ठिकाणी असतील. २१०० पर्यंत, १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत, जगाने कार्बन सोडणं झपाट्याने कमी केलं तर साधारण ३२ ते ६२ सेंटिमीटर आणि बेसुमार वाढवलं तर ६३ सेंटिमीटर ते १ मीटर असं आयपीसीसी म्हणते. पाणी तापून फुगतं तेवढा भाग मॉडेल्सना चांगला जमतो, समुद्रात खोल बुड्या मारणाऱ्या आर्गो यंत्रांच्या मोजमापांशी तो ताडताही येतो. अंटार्क्टिकाचा बर्फ किती वेगाने तुटेल ते मात्र अजून नीट जमत नाही, आणि धोका समुद्र या आकड्यांपेक्षा जास्त चढण्याचा आहे. तुमच्या दारातलं पाणी यावर आणखी अवलंबून आहे, जवळ कुठे भराव झालाय, खाडीचं तोंड किती अरुंद झालंय, तिवरं किती उरलीत. हे कुठल्याच जागतिक मॉडेलमध्ये नाही. तुम्ही लोकांनी भरतीच्या पाण्याच्या खुणा तारखेसकट भिंतीवर करून ठेवल्यात तर त्याचा खरंच उपयोग होईल, साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या तारखा पालिका पावसाळ्याआधी जाहीर करतेच.

पवईहून एकाने विचारलंय की आता एआय आलंय तर हे सगळं कशाला? रोजच्या अंदाजात एआय खरोखर पुढे गेलंय, गूगल डीपमाइंडच्या ग्राफकास्टसारखी मॉडेल्स दहा दिवसांचा अंदाज मिनिटाभरात देतात आणि चांगला देतात. पण ती शिकली १९७९ पासूनच्या हवेवर, आणि आपल्याला हवंय अशा जगाचं उत्तर जे त्या हवेत कधी नव्हतंच. ढगांचे अंदाजी नियम सुधारायला एआय वापरताहेत, ते मला जास्त आशेचं वाटतं.

शेवटचा प्रश्न डोंबिवलीच्या अकरावीतल्या मुलीचा: "ताई, मला घरी मोबाईलवर एखादं छोटं मॉडेल करून बघता येईल का?"

येईल, आणि नक्की कर. सूर्याची ऊर्जा पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला १३६१ वॅट पोचते. पृथ्वी गोल आहे आणि अर्ध्या भागात रात्र असते, म्हणून सगळीकडची सरासरी काढायला ४ ने भाग, ३४० आले. त्यातला ०.३० भाग ढग, बर्फ, वाळवंटं परतवतात, उरला ०.७०, म्हणजे २३८ वॅट. पृथ्वीने तेवढेच बाहेर टाकले तर ती स्थिर राहील. स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम शोध, त्यातला स्थिरांक आहे ०.०००००००५६७ अशा बारीक आकड्याचा, म्हणजे ५.६७ ला १० च्या आठव्या घाताने भागून येणारा. २३८ ला त्याने भाग आणि लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढ. उत्तर २५५ केल्विनच्या आसपास येईल, म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस. खरी पृथ्वी सरासरी १५ अंशांच्या जवळपास असते, मधले ३३ अंश बाष्प, कार्बन डायऑक्साइड वगैरे वायूंचं काम.

आता ०.३० च्या जागी ०.२९ घालून परत कर. जवळपास एक अंश वाढेल. एकूण उन्हातला शंभरातला एक भाग कमी परतवला गेला तर एवढं होतं, मग लोक ढगांच्या मागे आयुष्य का घालवतात ते कळेल.

पुढे एक्सेलमध्ये हवेचा एक थर घाल. तो ऊन आत येऊ देतो, पण जमिनीने सोडलेली सगळी उष्णता शोषतो आणि ती अर्धी वर, अर्धी खाली सोडतो असं धर. जमिनीचं तापमान ३० अंशांच्या आसपास येईल, म्हणजे खऱ्यापेक्षा बरंच जास्त. मग तो थर सगळी उष्णता न शोषता काही भागच शोषतो असं करून तो भाग थोडा थोडा कमी करत जा, बरोबर १५ अंश येईपर्यंत. मला ०.७८ च्या जवळ मिळाला. तुझा किती येतो ते कळव, आणि सोबत तुझी एक्सेलची शीटही पाठव.